आपल्या नदीवरचं धुकं

४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

टोपलीची पुढची बाजू कोणती?

आज ऑफिसात मला हा प्रश्न पडला आणि उत्तर देता आलं नाही. नदीवर पाहुण्यांना फिरवणाऱ्या प्रत्येक नावेचा फॉर्म भरायचा आहे. तुझ्या टोपलीचा मी स्वतःहून मागून घेतला. लांबी, रुंदी, पुढची बाजू, मागची बाजू. लांबी आणि रुंदी या दोन्ही रकान्यांत मी एकच आकडा लिहिला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला वाकून बघायला लागला. म्हणाला, "ही नाव आहे की परात?" आणि मग, "बरं, परातीचं तोंड कुठल्या दिशेला?"  दहा वर्षं तुझ्या टोपलीतून पलीकडच्या शाळेत गेले, पण पुढे काय नि मागे काय हा विचार कधी केलाच नाही. आपण फक्त पलीकडे जायचो.

पर्यटन कार्यालयात मला तीन महिने झाले. खिडकी आणि पाण्याचा पिंप यांच्या मध्ये माझं टेबल. पाहुण्यांसाठी माहितीपत्रकं लिहायची, हे काम. जुनी पत्रकं वाचली. प्रत्येकात 'नयनरम्य' आहे. एकात असा धबधबा आहे जो आटून सहा वर्षं झाली. मी मोठ्या बाईंना म्हटलं, छापलेलं खोटं नसावं. आमच्या घरी छापील कागदावर अजून विश्वास ठेवतात. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "नवीन आहेस." पण नदीच्या सफरीचं पत्रक मलाच दिलं.

ते मला खरं लिहायचंय, आणि खरं तुझ्याकडे आहे. पाहुण्यांना तू काय दाखवतेस, मध्यावर गेल्यावर काय होतं, सगळं लिही. उतारूशी बोलतेस तसंच लिही.

बाबांनी माझ्या पदवीचा कागद काचेत घालून दारासमोर लावलाय. येणाऱ्याला आधी कागद, मग पाणी.

तुझी,
टिटवी


११ नोव्हेंबर

टिटवीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बापाला सांग, कागद टांगून पोट भरत नाही, पण भिंत बरी दिसते म्हणावं.

अक्षर मोठं काढलंय. तुला टेबलाखाली धरून चोरून वाचायला सोपं.

तुझ्या त्या नकाशेवाल्याला सांग, टोपलीला पुढची बाजू नसते. म्हणून तर ती भोवऱ्यातसुद्धा रुसत नाही. वल्हं मारणारीच्या गुडघ्यासमोर जी कड येईल ती पुढची. मी हल्ली कडेला सुतळीची एक जाड गाठ मारून ठेवलीय. तिच्यावर हात पडला की माझी जागा कळते. फॉर्मात 'गाठ' लिहून टाक.

काय दाखवते म्हणतेस? मी काही दाखवत नाही. धक्क्यावरून सुटलं की गप्प राहते. शहरातली माणसं पहिली वीस वल्ही बडबडतच असतात. मग त्यांना तळाखालचं पाणी ऐकू यायला लागतं. टक, टक, कुणीतरी बोटानं दार वाजवावं तसं. कामट्या करकरतात. एकेक जण गप्प होतो. मध्यावर आलं की मी वल्हं उभं रोवते आणि गिरकी देते. तीन, पाच, सात. आधी ओरडतात, मग हसतात, मग त्यांची तोंडं झोपेतून उठलेल्या पोरासारखी होतात. टोपली थांबली की कुठला काठ कुठला, कुणालाच सांगता येत नाही. त्या घटकेला कुणालाही घरी जायची घाई नसते. मी त्या घटकेसाठीच वल्हं मारते, बाळ.

आणि हल्ली नदी फार सुंदर झालीय. पलीकडचा काठ दुधात बुडवून काढल्यासारखा. ऊन पाण्यावर पडलं की पिंजलेल्या कापसासारखं पसरतं. माणसं सावल्यांसारखी येतात आणि बसतात. कोण भ्यालंय ते टोपलीच मला सांगते, भ्यालेला माणूस त्याच्या वजनापेक्षा जड लागतो.

एक खेळ पण काढलाय. पांढरा खडक जो आधी बघेल आणि ओरडेल, त्याला एक गिरकी जादा. मोठाली माणसं डोळे फाडून बसतात!

टोपली डांबरायला आलीय. उतारू कमी झाले की पालथी घालीन. तू लहानपणी पालथ्या टोपलीखाली शिरायचीस, आत अंधारात बसून जिथून उजेड येईल तिथे खडूनं गोल करायचीस आणि ओरडायचीस, "आत्या, आज नऊ चांदण्या!" भोकं होती ती, मेले. पण मी अजून चांदण्याच म्हणते. तुझ्या बापानं एकदा मला न विचारता टोपली पालथी घातली होती, आठवतं? महिनाभर बोलले नव्हते त्याच्याशी. जिची टोपली तिनंच पालथी घालायची. पालथी टोपली म्हणजे घाट बंद.

वेळेवर जेव.

आत्या


२४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मोठ्या बाईंनी तुझं पत्र तीनदा वाचलं. म्हणजे माझं पत्रक. पण त्यातली निम्मी वाक्यं तुझीच आहेत. नाव दिलंय 'धुक्यातली गिरकी'. सुरुवात अशी:

'या नदीवर पलीकडचा काठ दुधात बुडवून काढल्यासारखा दिसतो. ऊन पिंजलेल्या कापसासारखं पाण्यावर पसरतं. धुक्यातून माणसं सावल्यांसारखी येतात, गोल टोपलीत बसतात आणि गिरकीनंतर कुठला काठ कुठला, हे विसरून जातात.'

खडकाचा खेळही घातलाय. 'नयनरम्य' एकदाही नाही! नकाशेवाल्यानं नदीशेजारी छोटीशी टोपली काढली आणि विचारलं, "तोंड कुठे करू?" मी म्हटलं, "गाठ काढ."

फॉर्म पण पुरा केला. 'चालकाची दृष्टी' या रकान्यात तुला विचारलंसुद्धा नाही, सरळ 'उत्तम' लिहिलं. लांबून उडालेल्या माशाची जात सांगणारी तू!

धुकं साधारण किती वाजेपर्यंत असतं ते कळव, लोक फोनवर विचारताहेत. मी असताना नव्हतं ना गं असं? मला वाटतं वरच्या अंगाला बांध झाल्यापासून हवा बदलली असेल.

आणि टोपलीत बसून पत्र लिहीत जाऊ नकोस. मागच्या पत्रात तुझ्या दोन ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या.

पत्रकाची पहिली प्रत बाबांनी पदवीखाली लावली. आता पाणी आणखी उशिरा मिळतं.

तुझी,
टिटवी


२ डिसेंबर

टिटवीस,

तू मोठी लेखिका झालीस! घाटावरच्या दोरवाल्यानं मला पत्रक वाचून दाखवलं. त्याच्या दुकानात चार माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणतो, "बाई, हे तुमचंच बोलणं, पण इस्त्री केलेलं."

माणसं खूप येतात. रांग लागते. आल्या आल्या विचारतात, धुकं कुठाय? मी सांगते, आधी डोळे मिटा. गिरकी संपली की हळूहळू उघडा. मग त्यांना दिसतं काहीतरी. धुकं किती वाजेपर्यंत म्हणतेस, तर ज्याला दिसतं त्याला दिवसभर. असं लिही.

टोपली एका अंगाला जरा खरवडली. जुनी झाली, दुसरं काही नाही. ठिगळ मारलंय.

पत्र आखूड आहे कारण काम फार. तू येऊ नकोस एवढ्यात, रजा जपून ठेव.

आत्या


९ डिसेंबर

माहितीपत्रक लिहिणाऱ्या व्यक्तीस,

सप्रेम नमस्कार. मी घड्याळं दुरुस्त करणारा एक निवृत्त माणूस आहे. गेल्या महिन्याच्या अखेरीस पत्नीसह आपल्या पत्रकावरून नदीच्या सफरीला गेलो होतो. ही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. आयुष्यभर टिकटिक ऐकलेल्या माणसाला त्या नदीच्या मध्यावर पहिल्यांदा वेळ थांबल्याचं ऐकू आलं. माझी पत्नी गेली चाळीस वर्षं माझ्यासमोर अशी हसली नव्हती. त्याबद्दल आपले आणि त्या बाईंचे आभार.

दोन गोष्टी मात्र कळवाव्याशा वाटतात. एक, धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन होतं. आम्ही तिथे तीन दिवस राहिलो, तिन्ही दिवस पहाटे जाऊन बघितलं. घाटावरचा विडीवाला म्हणाला, "या नदीवर वारा कधी पडतच नाही, धुकं बसणार कुठे?"

दुसरी गोष्ट म्हणजे तो खडक बघण्याचा खेळ. त्या दिवशी टोपलीत आम्ही दोघंच होतो, आणि दोघांनाही जाड भिंगांचे चष्मे. गिरकीत तुषार उडाले म्हणून आम्ही ते काढून खिशात ठेवले होते. बाई दोनदा म्हणाल्या, "बघा हं, खडक आला का?" आम्ही हसत म्हटलं, "आम्ही खेळ हरलो बाई, तुम्हीच सांगा."  त्यांनी वल्हं थांबवलं आणि कान दिला. घड्याळ बिघडलंय का हे बघताना मी देतो, अगदी तसा. आणि तेवढ्यात टोपली खडकाला घासून गेली. आत थोडं पाणी आलं. कुणाला काही झालं नाही. बाईंनी आपला पदर भोकात कोंबला आणि आम्हाला सुखरूप काठाला आणलं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका."

मी आठ-दहा दिवस सांगितलं नाही. पण आज पत्नी म्हणाली, उद्या त्या टोपलीत कुणाची लेकरं असतील.

आपला,
एक उतारू


१२ डिसेंबर

आत्या,

एका उतारूचं पत्र आलंय, त्याची नक्कल सोबत पाठवतेय. दोरवाल्याकडून वाचून घे. तुला स्वतःला वाचता येणार नाही, हे मला आता कळलंय.

मी पंधरा वर्षं त्या काठावर वाढले. रोज सकाळी नदी बघितली. आपल्या नदीवर धुकं एकदाही बघितलं नाही. तरी तू 'दुधात बुडवल्यासारखा काठ' लिहिलंस, आणि मला ते वाक्य इतकं आवडलं की मी नदी आठवून बघितलीच नाही. तुला दिसेनासं झालंय हेच तू मला सांगत होतीस आणि मी त्याला मथळा दिला. मोठं अक्षर, ओळींवर चढलेल्या ओळी, सुतळीची गाठ, सगळं माझ्या हातात होतं. सगळ्यावर मी विनोद केले.

कधीपासून? एका डोळ्यानं की दोन्ही? टोपलीत माणसं असताना खडक लोकांच्या डोळ्यांनी शोधतेस, हे खरं ना?

मला रागवायचं नाही. मला फक्त खरं सांग. तोवर टोपली पाण्यात घालू नकोस, तुला माझी शपथ.

टिटवी


१७ डिसेंबर

टिटवीस,

हे पत्र मी, दोरवाला, लिहितोय. बाई सांगताहेत. मध्ये माझा एक शब्दही घालायचा नाही असा दम दिलाय.

दोन वर्षं झाली, बाळ. आधी उजवा, मग डावा. दोन्ही डोळ्यांवर साय धरलीय. उजेड कळतो, रंग कळतात, माणूस हलला की कळतो. चेहरा कळत नाही. पण नदी मला डोळ्यांनी कधी लागलीच नव्हती. वल्ह्याच्या दांड्यातून तळ कळतो. पाणी खडकाजवळ वेगळं बोलतं, कुजबुजल्यासारखं. त्या दिवशी ती म्हातारी माणसं एवढी हसत होती की मला खडक ऐकू आला नाही. त्यांचं हसू थांबवायचं मनात आलं नाही. तीच चूक झाली. एकच.

(दोनदा झालीय. मी शब्द घातला, बाईंनी मारलं तरी चालेल. त्याआधी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही एकदा घासली होती.)

हा काय खरडतोय, मला ऐकू येतंय. लिही पुढे. टिटवे, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा म्हणशील. सुरी लावतात म्हणे. आहे तेवढा उजेडपण गेला तर? आज दुधासारखी का होईना, नदी आहे. ती काळी झाली तर मी काय करू, दारात बसून दोर वळू याच्यासारखे?

एकच मागते. उतारूंचे दिवस मार्चपर्यंत. तोवर गप्प राहा. मी फक्त पोरंबाळं बरोबर असलेल्या उतारूंना घेईन, त्यांचे डोळे चांगले असतात. मार्चनंतर माझी मी टोपली पालथी घालीन, कुणी सांगायला नको. तुझी शपथ मी मोडली, हे पण सांगते. काल तीन फेऱ्या केल्या.

भर पुरातसुद्धा तुझी शाळा चुकू दिली नाही मी. वर्गातल्या सगळ्यांची चुकली, तुझी नाही. त्या टोपलीतून तू तो काचेतला कागद आणलास. मी मागून घेतेय असं समज. एवढं एक झाक.

आत्या

(बाई रडताहेत. हे लिहू नको म्हणाल्या, म्हणून लिहितोय.)


२३ डिसेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र दोरवाला तुला वाचून दाखवतोय. टपालानं आलेलं नाही, मी आत्ताच त्याच्या हातात दिलं. मी बाहेर पायरीवर बसले आहे. तोंडानं सांगितलं असतं तर तू मध्येच 'गप गं टिटवे' म्हणाली असतीस, आणि मी गप्प झाले असते. म्हणून लिहून आणलंय. दोरवाले काका, तुम्ही मध्ये शब्द घातलेला चालेल.

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. पुराच्या दिवसांतली टोपली मला आठवते. तू गुडघ्यावर बसून वल्हं मारायचीस आणि मला सांगायचीस, दप्तर डोक्यावर धर, आणि खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी सगळी वाट तुझ्या डोळ्यांकडे बघत जायची. तू झाक म्हणतेस. मी ज्या टोपलीतून शिकायला गेले, त्याच टोपलीत कुणाची तरी पोर बसणार, तीही तुझ्या डोळ्यांकडेच बघणार, आणि तिला खरं काय ते माहीत नसणार. हे मला झाकता येईना. मार्च फार लांब आहे.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्रकात 'हवामानानुसार' एवढा शब्द घालू, भागेल." मी म्हटलं, हवा चांगलीच आहे. मग त्यांनीच फोन लावला. दोन गठ्ठे पत्रकं परत मागवली, ती माझ्या टेबलाखाली आहेत. बाबांनी पदवीखालची प्रत स्वतः काढली.  नुसतं विचारलं, "तिला कळवलंस का?"

फॉर्मात 'उत्तम' खोडलं आणि जे आहे ते लिहिलं, शेजारी माझी सही केली. पुढची बाजू: 'गाठ', ते तसंच ठेवलंय. ते खरं आहे. तुझा घाट बंद करायचा हुकूम निघालाय. सही मोठ्या बाईंची आहे, पण अक्षर माझं आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून तो तुझ्यापर्यंत यावा असं मला वाटलं नाही.

डोळ्यांच्या रुग्णालयात तुझं नाव घातलंय. मंगळवारी सकाळी तपासणी. हा मोतीबिंदूच असावा, म्हणाल्या डॉक्टरीणबाई, तसा असेल तर बहुतेक पुन्हा दिसेल. 'बहुतेक' हा शब्द त्यांचा आहे, मी तो काढला नाही, तुला खोटं सांगायचं नाही म्हणून. पण त्यांनी असंही सांगितलं, काही न करता बसलात तर नदी नक्की काळी होईल. तिथे 'बहुतेक' नव्हतं.

रजा मी बरोबर एका महिन्याची घेतलीय. तू किती दिवस बोलत नाहीस ते मला माहीत आहे. मी तेवढे दिवस इथेच राहीन, तू न बोलता सांगशील ती कामं करीन, मंगळवारी तुझा हात धरून गाडीत बसवीन. शिव्या द्यायच्या असतील तर वाटेत दे, गाडीत ऐकायला माणसंही असतील.

आज पहाटेच्या गाडीनं आले. तुझ्या दाराशी यायच्या आधी घाटावर गेले. धुकं नव्हतं. पलीकडचा काठ इतका स्वच्छ होता की शाळेच्या फाटकाचा रंग दिसला, निळा केलाय त्यांनी. हे तुला सांगायचं होतं.

मग टोपली ओढून वर घेतली. जड झालीय, किंवा मी शहरात हलकी झालेय. तुला न विचारता पालथी घातली. आत शिरले, गुडघे पोटाशी घेऊन बसले. तोच डांबराचा वास, तोच अंधार. डोळे सरावले तशा दिसायला लागल्या. अकरा आहेत, आत्या. आठ खडकाच्या अंगाला, गाठीपासून हातभरावर, आणि तीन इकडेतिकडे विखुरलेल्या.

सगळ्यांवर खडूनं गोल केलेत. डांबर लावलेलं नाही. ते तू लावायचंस, गोल दिसायला लागले की.

तुझी,
टिटवी